काशिनोझाकीची दांडी

माझा आजा दीपगृहाला 'दांडी' म्हणायचा. कुलाब्याची दांडी, खांदेरीची दांडी. आमचं घर थळला, अलिबागच्या उत्तरेला. रात्री पडवीत झोपलं की खांदेरीचा झोत ठरल्या वेळाने येऊन जायचा आणि झोप लागेपर्यंत तो मोजत राहायचं, एवढीच माझी दीपगृहाशी ओळख. तो दिवा १८६७ पासून तिथे आहे हे मला कळलं ते थेट जपानमध्ये, तेही दुसऱ्याच एका दीपगृहाची माहिती शोधताना.

नोकरीनिमित्त ओसाकात राहून चार वर्षं झाली होती. जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी इथे वयात आलेल्या मुलामुलींचा सण असतो, त्यामुळे शनिवार-रविवार धरून तीन दिवस सलग मिळतात. कुठे जाऊ म्हणून कचेरीतल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "समुद्र हवा ना? मग कुशिमोतोला जा. तिथून पुढे जपान संपतं." होन्शू या मुख्य बेटाचं दक्षिण टोक म्हणजे कुशिमोतो. त्याच्या समोर की-ओशिमा नावाचं बेट आहे, आणि बेटाच्या पार पूर्वेला काशिनोझाकीचं दीपगृह. तिथल्या खडकांवर १८९० साली 'एर्तुग्रुल' नावाचं तुर्की लढाऊ जहाज फुटलं होतं. त्या जहाजाचा प्रवास वाचता वाचता बंदरांच्या यादीत एडन आणि कोलंबो यांच्या मधोमध 'मुंबई' दिसलं. ऑक्टोबर १८८९. एडनहून मुंबईत शिरणारं जहाज म्हणजे एका अंगाला कुलाब्याची दांडी आणि दुसऱ्या अंगाला लांबवर खांदेरी. तिकीट त्याच रात्री काढलं.

शिन-ओसाकाहून सुटणाऱ्या जलद गाडीचं नाव 'कुरोशिओ'. जपानच्या दक्षिण किनाऱ्याला घासून जाणाऱ्या उबदार सागरी प्रवाहाचं हे नाव. तीन तासांहून थोडा जास्त प्रवास आहे. कुणी जाणार असेल तर जाताना उजवीकडची खिडकी मागा. डावीकडे बसाल तर डोंगर आणि बोगदे बघत जावं लागेल. शिराहामापर्यंत गाडी बऱ्यापैकी भरलेली होती. तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांना जाणारी सगळी मंडळी उतरली आणि डब्यात मी, दोन म्हाताऱ्या आणि गळ टाकायचे लांब दांडे घेतलेला एक माणूस उरलो. त्यापुढे रूळ एकेरीच आहे, गाडी वळणं घेत हळू चालते, आणि समुद्र कधी कधी इतका जवळ येतो की लाट खिडकीवर येईल असं वाटावं. कोकण रेल्वेची आठवण येतेच. फरक एवढाच की कोकण रेल्वेत समुद्र दिसतो तो अगदी चुकून.

कुशिमोतोत घरगुती खाणावळीसारख्या एका मिनशुकुत उतरलो. जेवणात काळ्या, चिवट, वरून तीळ लावलेल्या गोडसर पट्ट्या आल्या. मालकीणबाईंनी सांगितलं, उत्सुबो. फोनवर चित्र काढून बघितलं तर आपल्या वामाच्या जातकुळीतला, दात विचकणारा, खडकाच्या कपारीत राहणारा लांबडा मासा. थंडीत इथे तो फाडून वाळवतात. बाकी जपानी मित्रसुद्धा हा मासा म्हटल्यावर तोंड वाकडं करतात, मी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतला. बाईंना एवढा आनंद झाला की बसच्या वेळापत्रकाचा कागद त्यांनी स्वतः शोधून आणून दिला. या कागदाबद्दल पुढे सांगतो.

सकाळी स्टेशनसमोरून छोटी बस निघाली. आत मी आणि एक आजोबा. गावाबाहेर पडल्यावर पूल लागतो. तो १९९९ च्या सप्टेंबरात सुरू झाला. त्याआधी बेटावर यायला-जायला बोट हाच मार्ग होता. पुलाची गंमत अशी की मध्ये एक इवलंसं बेट आहे, त्यावर रस्ता गोल गिरकी घेऊन वर चढतो आणि तिथून कमानीवरून ओशिमाला पोचतो. गिरकी घेताना खाली समुद्रात मोठमोठी गोल जाळी तरंगताना दिसतात. ट्यूना माशांची शेती. ट्यूनाला अंड्यातून वाढवायचं, त्याची अंडी घेऊन पुन्हा पिल्लं वाढवायची, हे पूर्ण चक्र जगात पहिल्यांदा जमलं ते याच बेटाच्या पाण्यात, किंदाइ विद्यापीठाच्या केंद्रात, २००२ साली. संशोधन सुरू झालं होतं १९७० मध्ये. बत्तीस वर्षं! एका माशासाठी इतका धीर धरणारी माणसं. आमच्याकडे तर पापलेटाचं पिल्लू हातभर व्हायची वाट बघायला कुणी तयार नाही.

पूल ओलांडला की बेट एकदम झाडीत शिरतं. 'काशि' म्हणजे ओकच्या जातीचं एक सदाहरित झाड, त्यावरून काशिनो. तिन्हीसांजेसारखा अंधार, मध्येच चारदोन घरं, पुन्हा झाडी. स्टेशनपासून चाळीसेक मिनिटांनी बस शेवटच्या थांब्यावर उभी राहिली. चालकाने मागे वळून विचारलं, "दीपगृह?" मी मान हलवली. त्याने बोटाने वाट दाखवली, आणि हातातल्या कागदाकडे बघून दोनदा काहीतरी म्हणाला. मी 'हाइ, हाइ' केलं. जपानी अर्धवट येणाऱ्या माणसाने केलेलं हाइ-हाइ हे फार महागात पडतं.

थांब्यापासून टोकापर्यंत चालायची सरळ वाट आहे. वाटेच्या सुरुवातीलाच एक दुकान, बाहेर निळ्या काचेचे डोळे लोंबकळताहेत, आत गालिचे, आणि काउंटरवर तुर्की आइस्क्रीम. जपानच्या या टोकाला, जिथे सकाळपासून मला तीन माणसं दिसली होती, तिथे नजर लागू नये म्हणून टांगायचा तुर्की मणी! पुढे घोड्यावर बसलेला, आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक केमाल अतातुर्क याचा पुतळा. आपल्याला अश्वारूढ पुतळ्यांचं काही नवल नाही, तरी प्रशांत महासागराच्या काठावर हा बघून पाय थबकले.

मी ठरवलं होतं की आधी दीपगृह, मग बाकी सगळं. वाटेच्या दोन्ही बाजूंना उतारावर नर्गिसची फुलं डवरली होती, पांढरी, मध्ये पिवळी वाटी, आणि वारा इतका की सगळी एका दिशेला वाकलेली. सांगतात की दीपगृह बांधायला आलेल्या इंग्रज तंत्रज्ञांनी ही लावली. घरची आठवण यायची म्हणून. खरं-खोटं फुलांना ठाऊक, पण बंगल्याच्या आवारात ती सगळ्यात दाट आहेत एवढं मी पाहिलं.

पहिल्या नजरेला दीपगृह निराश करतं. मी खांदेरीच्या उंच अष्टकोनी मनोऱ्यावर वाढलेला. हे म्हणजे पांढरं, बुटकं, एखाद्या शाळेच्या पाण्याच्या टाकीएवढं. मूळचं तर याहून ठेंगणं होतं, वरचा भाग नंतर चढवला. पण त्याला उंचीची गरजच नाही, कारण ते उभं आहे तोच कडा चाळीसेक मीटर उंच आहे. दिवा पेटला १८७० मध्ये. जपानमधलं हे पहिलं दगडी दीपगृह, आणि फिरत्या झोताचं पहिलं.

ते कसं आलं ही हकिकत मला फार आवडली. १८६६ मध्ये इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका आणि हॉलंड या चौघांनी शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या जपानी लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारकडून एक करार करून घेतला. जकातीचा करार, पण त्यातच एक कलम असं की तुमच्या किनाऱ्यावर आमची जहाजं फुटतात, तेव्हा दिवे लावा. त्या कलमातून आठ दीपगृहं ठरली, त्यांतलं हे एक. बांधायला स्कॉटलंडहून रिचर्ड हेन्री ब्रंटन आला. हा मुळात रेल्वेचा अभियंता, वय सत्तावीसच्या आत. एडिंबरोला स्टीव्हन्सन घराण्याकडे दीपगृहांचं काम घाईघाईने शिकला आणि १८६८ मध्ये जपानात उतरला. तोवर शोगुन जाऊन सम्राट मेइजीचं सरकार आलेलं. करार एकाने केला, दिवे दुसऱ्याने लावले.

आत जाता येत नाही. बाहेरून एक गोल लोखंडी जिना आहे, त्यावरून वरच्या सज्जापर्यंत जायचं. तो चढताना टोपी गेली. अक्षरशः गेली, समुद्राच्या दिशेने उडाली आणि दिसेनाशी झाली. वर एक तरुण जोडपं होतं, त्यांनी शिष्टाचार म्हणून माझ्या टोपीबद्दल हळहळ व्यक्त केली आणि मग तिघेही हसलो. समोर नुसता महासागर. उजवीकडे खाली, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, पाण्यात काळ्या दगडांची रांग आणि त्यांच्याभोवती फेस. फुनागोरा. जहाज तिथे आपटलं.

इतकं जवळ असेल असं वाटलं नव्हतं. दिव्याच्या पायथ्याशी जहाज फुटतं म्हणजे काय, हा प्रश्न वाचतानाच डोक्यात होता. वर उभं राहिल्यावर तो आणखीच बोचायला लागला.

खाली दीपगृहरक्षकांचा दगडी बंगला आहे, दुरुस्त करून लोकांसाठी खुला केलेला. भिंती जवळच्या खाणीतल्या दगडाच्या, आत शेकोटी आणि दारं-खिडक्या पाश्चात्त्य पद्धतीच्या. दारं साध्या लाकडाची, पण त्यांवर रंगाने उंची लाकडाचे रेषारेषांचे नमुने काढलेले. मी बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत. कुणा जपानी सुताराने परदेशी साहेबासाठी केलेली ही नक्कल इतकी बेमालूम आहे की दीपगृहापेक्षा मी त्या दारांसमोर जास्त वेळ घालवला असेल.

तिथून मागे येऊन एर्तुग्रुलच्या स्मारकापाशी गेलो आणि मग संग्रहालयात. आता जहाजाची गोष्ट.

सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने जपानच्या सम्राटाला मानचिन्ह द्यायला एर्तुग्रुल पाठवलं. लाकडी, शिडं आणि वाफ दोन्हीवर चालणारं, पंचवीस वर्षांचं जुनं जहाज. जुलै १८८९ मध्ये इस्तंबूलहून निघालं ते सुवेझमध्ये अडकलं, दुरुस्त झालं, जिद्दा, एडन, मुंबई, कोलंबो, सिंगापूर करत जून १८९० मध्ये योकोहामाला पोचलं. अकरा महिने! सेनापती उस्मान पाशाने सम्राटाची भेट घेतली, काम झालं. मग जहाजावर कॉलरा शिरला. परत निघायला सप्टेंबर उजाडला, म्हणजे तुफानांचा महिना. थांबा, असं जपानी लोकांनी सुचवलं होतं. पण १५ तारखेला नांगर उचलला. १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री वादळाने जहाज फुनागोराच्या दगडांवर घातलं. सहाशेच्या वर माणसं होती, वाचली ६९.

जे लाटांनी कड्याखाली फेकले गेले, त्यांच्यातल्या काहींना वर फिरणारा प्रकाश दिसला. त्या अंधारात, जखमी अंगाने ते तो कडा चढले आणि दीपगृहरक्षकांच्या दारात जाऊन उभे राहिले. मी नुकताच ज्या रंगवलेल्या दारांवरून हात फिरवत होतो, त्या आवारात. रक्षकांना त्यांची भाषा कळेना. तेव्हा त्यांनी देशोदेशींच्या झेंड्यांचं पुस्तक समोर ठेवलं आणि खलाशांनी चंद्रकोर-ताऱ्याच्या तांबड्या झेंड्यावर बोट ठेवलं.

मग काशिनो गाव जागं झालं. पन्नाससाठ घरांची वस्ती, मासेमारीवर जगणारी. वादळाने होड्या बाहेर पडत नव्हत्या, घरात धान्य जेमतेम. लोकांनी अंगावरचे कपडे दिले, गारठलेल्यांना स्वतःच्या अंगाची ऊब दिली, रताळी उकडली, आणि अडीनडीला राखून ठेवलेल्या कोंबड्या कापल्या. बेटावरच्या डॉक्टरांनी उपचार केले, पुढे तुर्कस्तानने खर्चाचं बिल मागितलं तेव्हा आम्ही पैशासाठी केलं नाही, ती रक्कम बुडालेल्यांच्या घरच्यांना द्या, असं त्यांनी कळवलं. वाचलेल्यांना पुढे कोबेला नेलं आणि 'हिएइ' व 'कोंगो' या दोन जपानी लढाऊ जहाजांनी जानेवारी १८९१ मध्ये इस्तंबूलला पोचवलं.

संग्रहालय लहान आहे, पाऊण तासात संपतं. २००७ पासून पाणबुडे त्या दगडांमधून वस्तू वर काढताहेत. काचेमागे नाणी, भांड्यांचे तुकडे, जहाजाच्या स्वयंपाकघरातलं तांब्याचं अजस्र भांडं. ते भांडं बघून मला आमच्या जत्रेतल्या हंड्याची आठवण झाली, शेकडो माणसांचं जेवण एका वेळी होणारं. यात मुंबईच्या बाजारातून भरलेलं काही शिजलं असेलच ना, असा विचार आला. अकरा महिन्यांच्या प्रवासात सहाशे माणसांचा शिधा कुठून कुठून भरला असेल.

शेवटच्या भागात १९८५ आहे. इराण-इराक युद्धात, आता इराणवरून उडणारं कुठलंही विमान पाडू, अशी सद्दामने मुदत दिली. तेहरानमध्ये जपानी माणसं अडकली होती आणि जपानमधून विमान पोचत नव्हतं. मुदत संपायच्या थोडं आधी तुर्की विमानं २१५ जपान्यांना घेऊन उडाली. हे का केलं, तर एर्तुग्रुलसाठी, असं तिथे सगळे सांगतात. राजकारणात इतकं सरळ काही नसतं असं मला वाटतं. पण त्या विमानांतून आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी एर्तुग्रुलचं नाव त्यानंतर पहिल्यांदा ऐकलं असेल, आणि इथे येऊन फुलं वाहिली असतील, तर त्यात माझ्या शंकेला काय किंमत.

मला यातलं आतपर्यंत गेलं ते वेगळ्याच कारणाने. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या पट्ट्यातल्या घराघरात ही गोष्ट आहे. आजी सांगायची, मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या होड्यांनी मासळी समुद्रात ओतली आणि माणसं भरून आणली. लहानपणी मी विचारायचो, पण मग माशांचे पैसे? आजी उत्तरच द्यायची नाही. नुसती बघायची.

संग्रहालयातून निघून जपान-अमेरिका स्मारक संग्रहालय गाठलं. १७९१ मध्ये, म्हणजे जपानची बंद दारं उघडायला लावणाऱ्या अमेरिकन कमोडोर पेरीच्या बासष्ट वर्षं आधी, 'लेडी वॉशिंग्टन' हे अमेरिकन जहाज या बेटाला लागलं होतं. खरं सांगायचं तर संग्रहालयापेक्षा त्याच्या शेजारून दिसणारे उमि-कोंगोचे खडक मोलाचे. समुद्रातून टोकदार भाले वर आल्यासारखे, तासून ठेवल्यासारखे. पाऊण तास बसलो. डबा उघडून मेहारी-झुशी खाल्ली: खारवलेल्या मोहरीच्या जातीच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा. ही या कुमानो भागातली शिदोरी. शेतात, जंगलात, होडीवर नेण्याजोगी. 'मेहारी' म्हणजे डोळे विस्फारणे. घास मोठा, त्यामुळे तोंड उघडताना डोळेही मोठे होतात म्हणे. माझे झाले.

आणि मग थांब्यावर येऊन कळलं की बस गेली. कागदावर दोन रकाने होते, एक आठवड्याच्या दिवसांचा, एक सुट्ट्यांचा. मी वाचला पहिला, आणि वार होता शनिवार. सकाळी चालक दोनदा जे सांगत होता ते हेच. पुढची बस दोन तासांनी.

काय करणार, उतरत्या रस्त्याने काशिनोच्या छोट्या बंदरात गेलो. चारपाच होड्या, बर्फाचं एक शेड, आणि प्लास्टिकच्या उलट्या खोक्यावर बसून जाळं सांधणारा सत्तरीचा एक माणूस. जाळ्यात दगडाचे तुकडे, समुद्री शेवाळ आणि तुटलेल्या मिशा अडकलेल्या. शेवंडाचं जाळं! इथे त्याला इसे-एबि म्हणतात. थंडी हाच हंगाम. संध्याकाळी खडकांजवळ जाळं सोडायचं, पहाटे काढायचं, दिवसभर सोडवायचं आणि शिवायचं. खांदेरीच्या खडकांत आमचे लोक हेच करतात. मी जवळ जाऊन बसलो, नमस्कार केला, भारतातून आलो, आमच्या घरीही हेच काम, असं मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने सुई माझ्या हातात दिली आणि जाळ्याचं एक भोक पुढे सरकवलं. ओसाकात बसून संगणकावर यंत्रांचे भाग आखणारी बोटं, त्यांना पंधरा वर्षं सुई लागली नव्हती. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली. तिसरी बसल्यावर म्हातारा 'ओ!' म्हणाला आणि होडीवरच्या दुसऱ्या माणसाला हाक मारून दाखवायला लागला. गाठ तीच होती.

मग चहाचा डबा आला, मशीनमधला, गरम. मी एर्तुग्रुलचं विचारलं. तो म्हणाला, शाळेत असताना आम्ही पोरं स्मारक झाडायला जायचो. झाडू मारायचा कंटाळा यायचा, पण गुरुजी बरोबर असायचे. त्याची पणजी त्या रात्री होती का, वगैरे मी विचारलं तर त्याने हात झटकला. म्हणाला, या गावात ज्याला विचाराल तो सांगेल माझी पणजी होती. सगळ्यांच्या पणज्या मोजल्या तर गाव टोकियोएवढं होईल. मग थोडा वेळ गाठी मारून झाल्यावर स्वतःशीच म्हणाला, "सगळ्या कोंबड्या संपल्या. त्यानंतर बरेच दिवस गावात कोंबडा आरवला नसेल. सकाळ झाली हे कळत कसं असेल लोकांना?"

दुसरी बस चुकवली नाही.

रविवारी पहाटे कुशिमोतोतच हाशिगुइ-इवा बघायला गेलो. किनाऱ्यापासून ओशिमाच्या दिशेने सुमारे ८५० मीटरपर्यंत चाळीसेक सुळके एका ओळीत उभे आहेत, वर पूल नसलेल्या पुलाच्या खांबांसारखे. भूगर्भातला तप्त रस भेगेतून वर आला, थिजला, आणि भोवतालचा मऊ दगड झिजून गेल्यावर ही भिंत तेवढी उरली. हे झालं शास्त्र. गावची गोष्ट अशी: कोबो दाइशी हा मोठा साधू एका रात्रीत ओशिमापर्यंत पूल बांधून देतो म्हणाला. अमानोजाकु नावाच्या खोडकर राक्षसाने पैज लावली. साधू एकेक खांब रोवत चालला. आता हा जिंकणार असं दिसल्यावर राक्षसाने कोंबड्याचा आवाज काढला. साधूला वाटलं उजाडलं, आणि काम तसंच सोडून तो निघून गेला.

हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि कळस राहिला, ही गोष्ट सांगणारं एक तरी गाव कोकणात प्रत्येक तालुक्यात सापडतं. आमच्याकडे कोंबडा खरा असतो एवढंच. छायाचित्रकार तिकाट्या लावून बसले होते, सूर्य दोन सुळक्यांच्या मधून वर आला, सगळ्यांनी कळा दाबल्या. मागे ओशिमा काळंशार, सपाट, लांबलचक.

ओहोटी होती, खडकांमध्ये चालत जाता येत होतं. तिथूनच आईला व्हिडिओ कॉल केला. भारतात पहाटेचे साडेतीन-चार वाजलेले, पण कोळणीला ती वेळ उठायचीच. सुळके दाखवले, जहाजाची गोष्ट सांगितली. उत्सुबोचं ऐकून म्हणाली, वाम तो वामच, त्याला तीळ कशाला. मग सांगितलं की हे जहाज ऑक्टोबरात मुंबईला आलं होतं, खांदेरीवरून गेलं असणार.

"ऑक्टोबर?" आई म्हणाली. "म्हणजे नारळी पुनव होऊन गेलेली. मग आपल्या होड्या बाहेर असतीलच की. आज्याच्या बापाने बघितलं असेल."

"१८८९ सालची गोष्ट आहे, आई."

"मग त्याच्या बापाने. दिवसाचं आलं का रात्रीचं?"

ते काही संग्रहालयात लिहिलेलं नव्हतं.